सात सर्व्हिसेस, चार माणसं

प्रश्न: आम्ही चौघं मिळून गोदामातला माल आणि ऑर्डरी सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवतो. वापरणारे साधारण ६०० लोक आणि कामाच्या आठ तासांत मिळून ४०,००० च्या आसपास रिक्वेस्ट. 'पुढे वाढलं तर' म्हणून सुरुवातीलाच सात मायक्रोसर्व्हिसेस (स्वतंत्र चालणारे छोटे प्रोग्राम) केल्या: लॉगिन, माल, ऑर्डर, बिल, रिपोर्ट, नोटिफिकेशन आणि सगळ्यांच्या पुढे गेटवे (प्रत्येक रिक्वेस्ट आधी जिथे येते ते दार). प्रत्येकीचा रेपो (कोडचं भांडार) वेगळा. मध्ये मेसेज पोहोचवायला काफ्का, खाली पोस्टग्रेस डेटाबेस आणि रिपोर्टसाठी मोंगोडीबी हा दुसरा डेटाबेस, सगळं कुबरनेटीसवर, म्हणजे अनेक मशीनच्या क्लस्टरवर प्रोग्राम चालवणाऱ्या व्यवस्थेवर. आता ऑर्डरच्या फॉर्मवर एक रकाना वाढवायचा तरी चार दिवस जातात. मागच्या महिन्यात तीनदा असं झालं, की ऑर्डर नोंदली गेली पण बिल बनलंच नाही. मला वाटतं, सगळं बाजूला ठेवून नव्याने साधं लिहावं. आमच्यातला सर्वांत अनुभवी सहकारी म्हणतो, आता मागे फिरलो तर लोड वाढल्यावर पस्तावू. दोघे ज्युनियर म्हणतात, कुबरनेटीस सोडलं तर आम्ही शिकणार काय? काय करावं?
— चौघांतली एक

उत्तर: नव्याने लिहू नका, आणि आहे ते तसंही ठेवू नका. सातांची एक सर्व्हिस करा, पण एकेक करत आणि सॉफ्टवेअर चालू ठेवून.

नव्याने लिहायला घेतलं की जुनं बंद करता येत नाही. मग दोघे जुन्यावर, दोघे नव्यावर अशी तुमची टीम फुटते आणि दोन्हीकडे माणसं अपुरी पडतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे जुन्या कोडमध्ये साठलेले अपवाद. अर्धाच आलेला माल, रद्द करून पुन्हा चालू केलेली ऑर्डर, एकाच मालाचे दोन कोड, हे बहुधा कुठल्याही कागदावर नसतं, फक्त कोडमध्ये असतं. नव्या कोडमध्ये ते एकेक करून लोकांच्या तक्रारींतून परत येतं.

तुमच्या सहकाऱ्याची काळजी खरी आहे, त्यामुळे तिला आकड्यांनीच उत्तर द्यायला हवं. ४०,००० रिक्वेस्ट आठ तासांत वाटल्या तर सेकंदाला दीडसुद्धा होत नाहीत. गर्दीची वेळ सरासरीच्या दहापट धरली, तरी सेकंदाला १४. एका रिक्वेस्टला ५० मिलिसेकंद लागत असतील तर १४ गुणिले ०.०५ म्हणजे एका वेळी सरासरी एकही रिक्वेस्ट पूर्णपणे चालू नसते. वापर दहापट झाला तर एका वेळी सात. हे मध्यम आकाराच्या एका मशीनचं काम आहे. तुमच्या लॉगमधून खरे आकडे काढा, सगळ्यांत गर्दीच्या तासाचे काढा, आणि हाच गुणाकार चौघांनी मिळून फळ्यावर करा. वाद निम्मा तिथेच मिटेल.

आता दुसरी बाजू, म्हणजे सातांची किंमत. ऑर्डरमध्ये एक रकाना वाढवण्याचा प्रवास लिहून काढा: स्क्रीन, गेटवेवरची तपासणी, ऑर्डरचं मॉडेल आणि टेबल, सगळ्यांच्या सामायिक लायब्ररीची नवी आवृत्ती, काफ्कावरच्या मेसेजचा साचा, बिल, आणि रिपोर्टचं मोंगोमधलं डॉक्युमेंट. त्यात डिप्लॉयचा, म्हणजे नवा कोड चालू सिस्टीमवर चढवण्याचा, क्रमही सांभाळायचा. मेसेज वाचणाऱ्यांनी आधी नवा रकाना ऐच्छिक म्हणून स्वीकारायचा, मगच पाठवणाऱ्याने तो पाठवायचा, नाहीतर मधल्या वेळेतले मेसेज अडकतात. कोड असतो वीस ओळींचा. चार दिवस जातात ते रिव्ह्यू, आवृत्त्या आणि डिप्लॉय यांच्या रांगेत.

उपलब्धतेचंही असंच आहे. ऑर्डर नोंदवताना गेटवे, लॉगिन, माल, ऑर्डर आणि बिल असे पाच टप्पे एकामागोमाग लागत असतील आणि प्रत्येक टप्पा ९९.९ टक्के वेळ चालू असेल, तर साखळी चालू असण्याचं प्रमाण ९९.५ टक्क्यांवर येतं. महिन्याला ४३ मिनिटांचा खोळंबा होता, तो साडेतीन तासांवर जातो, आणि तोही प्रत्येक टप्पा उत्तम चालला तर.

संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ साली मांडलं होतं, की कोणत्याही सिस्टीमची रचना ती बनवणाऱ्यांच्या आपसांतल्या बोलण्याच्या रचनेसारखी होत जाते. तुम्ही चौघं रोज एकत्र बोलता, एकमेकांचा कोड पाहता. तुमच्या माणसांत नसलेल्या सात भिंती तुम्ही कोडमध्ये घातल्या आहेत, म्हणून त्या रोज आडव्या येतात.

सुरुवात रेपोंपासून करा, कारण त्यात चालू सिस्टीमला धक्का लागत नाही. उघड्या ब्रँच मर्ज करून घ्या, एक दिवस ठरवा, आणि सातही रेपो इतिहासासकट एकाच रेपोत सात फोल्डर म्हणून आणा. गिटचं (कोडचा इतिहास ठेवणारं साधन) सबट्री किंवा फिल्टर-रेपो वापरलं तर जुने कमिट टिकतात, आणि 'ही अट इथे का आहे' हे शोधताना त्यांचा फार उपयोग होतो. सामायिक लायब्ररी साधं फोल्डर होते आणि तिच्या आवृत्त्या सांभाळण्याचं काम संपतं. डिप्लॉय अजून सातच राहतील, राहू द्या. पण एक बदल एका पुल रिक्वेस्टमध्ये (रिव्ह्यूसाठी मांडलेल्या बदलांच्या गठ्ठ्यात) दिसू लागतो, हा फरक पहिल्याच आठवड्यात जाणवेल.

मग दोन सर्व्हिसेस जोडा. कोणत्या, ते गिटच्या लॉगला विचारा: मागच्या सहा महिन्यांत कोणती दोन फोल्डर पुन्हा पुन्हा एकाच दिवशी बदलली? तुमच्या पत्रावरून तरी ऑर्डर आणि बिल असतील असं दिसतं. ऑर्डर जिथून बिलला नेटवर्कवरून हाक मारते ती जागा एका फंक्शनमागे आणा. त्या फंक्शनच्या आत फ्लॅग, म्हणजे मार्ग बदलणारं एक बटण, ठेवा: एकीकडे जुनी हाक, दुसरीकडे बिलचा कोड थेट. आठवडाभर थेट मार्ग चालवा, मग जुना मार्ग, फ्लॅग आणि जुना डिप्लॉय तिन्ही काढून टाका. (सातही एकाच भाषेत आहेत असं धरलं आहे. एखादी वेगळ्या भाषेत असेल तर ती सर्वांत शेवटी घ्या.)

इथे काय बिघडतं ते आधीच सांगतो. नेटवर्कवरून जाताना डेटा जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) होऊन जात होता, म्हणजे तारीख स्ट्रिंग व्हायची आणि समोरच्याला प्रत मिळायची. आता तोच ऑब्जेक्ट थेट जाईल आणि बिलच्या कोडने त्यात काही बदललं तर ते ऑर्डरच्या बाजूलाही बदलेल. म्हणून सीमेवर साधी, न बदलणारी रचना द्या. दुसरं, आधी दोन सेकंदांत उत्तर आलं नाही तर टाइमआउट व्हायचा. थेट फंक्शन मात्र हवा तेवढा वेळ घेईल, त्यामुळे क्वेरीला स्वतःची वेळमर्यादा लावा. तिसरं, 'सापडलं नाही' हे आधी ४०४ म्हणून यायचं आणि ऑर्डरचा कोड ते गिळायचा. आता तिथे एक्सेप्शन उडेल. चौथी गोष्ट क्षुल्लक वाटते पण अख्खा दिवस खाते: दोन्हीकडे एकाच नावाचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून दिलेली सेटिंग) असतात आणि त्यांच्या किमती वेगळ्या. जोडण्याआधी दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचा.

फ्लॅगला प्रत्येक वेळी नवं नाव द्या आणि काम झाल्यावर तो काढाच. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीने एक जुना फ्लॅग नव्या कामासाठी पुन्हा वापरला. आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड पोहोचलाच नव्हता. तिथे त्या फ्लॅगने वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड जागा केला, आणि पाऊण तासात कंपनीचं ४० कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. न वापरलेला कोड ठेवण्यात काय बिघडतं, असं कोणी म्हणालं तर हे उदाहरण सांगा.

आता ती हरवलेली बिलं. लॉग न पाहता खात्रीने सांगता येणार नाही, पण लक्षणं एका नेहमीच्या दोषाची आहेत. ऑर्डर पोस्टग्रेसमध्ये कमिट होते, त्यानंतर काफ्कावर मेसेज जातो. या दोन पावलांच्या मध्ये प्रोसेस मेली, पॉड (कुबरनेटीसवर चालणारी सर्व्हिसची एक प्रत) बदलला किंवा काफ्काच्या सर्व्हरने उत्तर दिलं नाही, की ऑर्डर आहे आणि मेसेज नाही. क्रम उलटा केला तर मेसेज आहे आणि ऑर्डर नाही. दोन वेगळ्या ठिकाणी लिहिणं एका ट्रान्झॅक्शनमध्ये बसत नाही, हे याचं मूळ. ऑर्डर आणि बिल एका प्रोसेसमध्ये, एका डेटाबेसवर आले, की दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा. झालं तर दोन्ही, नाहीतर काहीच नाही.

नंतर केली तरी चालणारी कामं, म्हणजे ईमेल, बिलाची पीडीएफ किंवा रात्रीचे रिपोर्ट, यांच्यासाठी पोस्टग्रेसमध्येच कामांचं एक टेबल करा. काफ्काची खरी ताकद मेसेजचा लांब प्रवाह साठवण्यात आणि तो अनेकांनी आपापल्या गतीने पुन्हा पुन्हा वाचण्यात आहे. तुमच्याकडे एकाने पाठवायचं आणि एकाने करायचं, एवढंच आहे. टेबलात हे कॉलम पुरतात: आयडी, कामाचा प्रकार, माहिती (जेसनबी, म्हणजे पोस्टग्रेसमधला जेसनचा प्रकार), स्थिती, कधी करायचं ती वेळ, किती प्रयत्न झाले, कधी उचललं, शेवटची एरर. ऑर्डर लिहिणाऱ्या ट्रान्झॅक्शनमध्येच या टेबलातही रो टाका, म्हणजे काम हरवण्याची वाटच बंद होते.

वर्कर म्हणजे त्याच कोडची दुसरी प्रोसेस, फक्त वेगळ्या कमांडने सुरू केलेली. ती दर सेकंदाला 'बाकी' स्थितीतली, वेळ झालेली सगळ्यात जुनी रो 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड' लावून उचलते. ही सोय पोस्टग्रेसच्या ९.५ आवृत्तीपासून आहे. दुसऱ्या वर्करने धरलेली रो ओलांडून पुढची मिळते, त्यामुळे दोन वर्कर एकाच रोवर अडून बसत नाहीत. पण काम संपेपर्यंत ट्रान्झॅक्शन उघडं धरू नका. लांब ट्रान्झॅक्शनमुळे व्हॅक्यूमला (पोस्टग्रेसच्या साफसफाईला) मेलेल्या रो साफ करता येत नाहीत, टेबल फुगतं आणि पुढे सगळंच मंदावतं. रो उचलल्यावर स्थिती 'चालू' करा, वेळ नोंदवा, कमिट करा, मग काम करा, आणि शेवटी 'झालं' लिहा.

वर्कर मध्येच मेला तर रो 'चालू' म्हणूनच अडकते. यासाठी उचलून १० मिनिटं झालेल्या रो पुन्हा 'बाकी' करणारी एक क्वेरी दर मिनिटाला चालवा. तुमचं सगळ्यात लांब काम किती वेळ घेतं ते मोजून हा आकडा त्याहून बराच मोठा ठेवा. याचा अर्थ एखादं काम कधीतरी दोनदा होऊ शकतं, म्हणून प्रत्येक काम दोनदा झालं तरी चालेल असं लिहा. बिलाच्या क्रमांकावर युनिक बंधन घाला. ईमेल पाठवल्याची नोंद ठेवा आणि पाठवण्याआधी ती पाहा. तरीही क्वचित एखादा ईमेल दोनदा जाईल, आणि ते सोसण्यासारखं आहे. काम फसलं तर १, ५ आणि ३० मिनिटांनी पुन्हा, मग 'फसलं' ही स्थिती आणि माणसाला अलर्ट. 'बाकी' रोंपुरता अर्धवट इंडेक्स करा, आणि सात दिवसांपूर्वीच्या 'झालं' रो रोज रात्री काढा. सगळं मिळून दोनशे-अडीचशे ओळींचं काम आहे. ते चौघांनाही वाचता येतं, आणि काय अडकलंय हे एका साध्या सिलेक्टने दिसतं.

मोंगोडीबीबद्दल थोडक्यात. रिपोर्टची डॉक्युमेंट पोस्टग्रेसच्या जेसनबी कॉलममध्ये जशीच्या तशी आणा, आणि ज्या फील्डवर शोध किंवा बेरीज होते तेवढीच वेगळे कॉलम करा. दोन्हीकडे एकदम लिहीत राहण्याचा बेत करू नका. तो क्षणभरही थांबता न येणाऱ्यांसाठी असतो आणि त्यातच सगळ्यात अवघड बग निपजतात. तुमचं काम दिवसाचे आठ तास चालतं, तेव्हा सुट्टीच्या दिवशी दोन तास बंद ठेवून डेटा हलवा. त्याआधी प्रतीवर दोनदा तालीम करा. मोंगोमध्ये एकच फील्ड कुठे आकडा, कुठे स्ट्रिंग, तर कुठे नसतंच, हे तालमीतच कळेल. हलवून झालं की दर महिन्याच्या ऑर्डरींची संख्या आणि रकमांची बेरीज दोन्हीकडे जुळवा. जुना डेटाबेस महिनाभर फक्त वाचण्यापुरता ठेवा, मग बॅकअप घेऊन बंद करा.

कुबरनेटीसचा निर्णय शेवटी घ्या. सगळं एका सर्व्हिसमध्ये आलं, की आपोआप प्रश्न पडेल की उरलेल्या एका ॲप आणि एका वर्करसाठी क्लस्टर कशाला. ॲपसाठी दोन मशीन, पुढे लोड बॅलन्सर, डेटाबेस वेगळ्या मशीनवर किंवा क्लाउडवाल्याच्या देखरेखीतला. कंटेनर ठेवायला हरकत नाही. डिप्लॉय म्हणजे एक स्क्रिप्ट: मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतला बदल) चालवा, पहिल्या मशीनवर नवी इमेज, हेल्थ चेक, मग दुसरं मशीन. मधली काही मिनिटं जुना आणि नवा कोड एकत्र चालतो, म्हणून नवा कॉलम आधी रिकामा चालेल असा वाढवा आणि जुना कॉलम पुढच्या रिलीजमध्ये काढा. मायग्रेशनला लॉक टाइमआउट ३ सेकंद ठेवा. मूळ सेटिंगमध्ये मर्यादाच नसते. एखादा लांब रिपोर्ट त्या टेबलावर चालू असेल तर 'ऑल्टर टेबल' त्याच्यासाठी थांबतं आणि त्याच्यामागे बाकीच्या सगळ्या क्वेरी थांबतात. गोदामातल्यांना मग सॉफ्टवेअर बंद पडल्यासारखं दिसतं.

एक झाल्याचा फायदा कनेक्शनमध्येही दिसेल. आज पाच सर्व्हिसेस पोस्टग्रेसशी बोलत असतील, प्रत्येकीचे दोन पॉड आणि प्रत्येक पॉडमध्ये १० कनेक्शन असतील तर १०० होतात. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० आहे आणि त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव. डिप्लॉयच्या वेळी जुने-नवे पॉड एकत्र असताना 'खूप क्लायंट जोडलेले आहेत' अशी एरर अधूनमधून येत असेल, तर कारण बहुधा हेच.

सगळा डेटा एकाच पोस्टग्रेसमध्ये आला की बॅकअपकडे पूर्वीपेक्षा जास्त लक्ष द्यावं लागतं. कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब कंपनीचा डेटाबेस ३१ जानेवारी २०१७ रोजी चुकून पुसला गेला, तेव्हा बॅकअप आणि रेप्लिकेशनच्या पाच उपायांपैकी एकही नीट चालत नसल्याचं उघड झालं. पीजी-डंप या बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती सर्व्हरशी जुळत नसल्याने तो फसत होता आणि त्याचे इशाऱ्याचे ईमेल नाकारले जात होते. सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत हाताशी होती म्हणून बहुतेक डेटा परत मिळाला. तेव्हा महिन्यातून एकदा बॅकअप रिकाम्या मशीनवर रिस्टोअर करा, कालच्या ऑर्डरींची संख्या पाहा, किती वेळ लागला ते लिहून ठेवा. हे काम चौघांत आळीपाळीने फिरवा, म्हणजे वेळ आली तर ते एकाच माणसावर अडणार नाही.

एकच सर्व्हिस म्हणजे सगळं एकमेकांत मिसळायला मोकळीक, असं मात्र होऊ देऊ नका. माल, ऑर्डर, बिल ही फोल्डर तशीच राहू द्या. प्रत्येकाची बाहेर दिसणारी एकच फाइल ठेवा आणि दुसऱ्या फोल्डरने तिच्याखेरीज आतलं काही इम्पोर्ट केलं तर सीआय (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या चाचण्या) लाल होईल अशी तपासणी लावा. टेबलांचंही तसंच: ऑर्डरच्या टेबलात फक्त ऑर्डरचा कोड लिहितो. रिपोर्टला मात्र सगळ्यांची टेबलं व्ह्यूमधून वाचू द्या. तिथे शुद्धतेचा हट्ट धरला तर साध्या बेरजेसाठी पाच फंक्शनं लिहावी लागतात.

सहकाऱ्याला या शिस्तीबरोबर एक लेखी आश्वासन द्या, रेपोतच अर्ध्या पानाची फाइल करून: अमुक झालं तर अमुक भाग पुन्हा वेगळा काढू. उदाहरणार्थ, गर्दीच्या तासात डेटाबेसचा सीपीयू आठवडाभर ७० टक्क्यांवर राहिला, किंवा पीडीएफ बनवताना मेमरी इतकी लागू लागली की बाकीचं अडखळतं, किंवा बिलासाठी वेगळी टीमच आली. सीमा पाळलेल्या असतील तर एक फोल्डर बाहेर काढणं हे काही आठवड्यांचं काम असतं. त्याचा अनुभव या अटी ठरवताना सगळ्यात जास्त कामी येईल, म्हणून ती फाइल त्यालाच लिहू द्या.

ज्युनियरांचा प्रश्न टाळू नका. करिअरची काळजी रास्तच आहे. त्यांना कामांचं टेबल आणि मोंगोचं स्थलांतर ही दोन कामं सुरुवातीपासून शेवटपर्यंत द्या, बाकीच्यांनी फक्त रिव्ह्यू करायचा. ट्रान्झॅक्शन कुठे तुटतं, लॉक कोण धरून बसलंय, 'एक्सप्लेन'मध्ये क्वेरी इंडेक्स का वापरत नाही, हे त्यातून हाताला लागतं आणि कुठल्याही पुढच्या नोकरीत चालतं. कुबरनेटीस शिकायचंच असेल तर टेस्टिंगसाठी छोटा क्लस्टर ठेवा. तो बंद पडला तर गोदामात कोणाचं काम अडत नाही.

वेळेचा अंदाज: रेपो एकत्र करायला एक आठवडा, ऑर्डर-बिल आणि कामांचं टेबल मिळून तीन ते चार, बाकीच्या सर्व्हिसेसना प्रत्येकी एक, मोंगोला दोन, कुबरनेटीसला दोन. चौघांपैकी दोघांनीच हे करायचं, बाकी दोघांनी नेहमीचं काम चालू ठेवायचं, आणि या काळात एकही नवी सर्व्हिस किंवा नवा डेटाबेस वाढवायचा नाही. सुरू करण्याआधी शेवटच्या पाच छोट्या बदलांना काम हाती घेतल्यापासून लोकांपर्यंत पोहोचायला किती तास लागले ते काढून ठेवा, आणि ऑर्डर-बिल जोडून झाल्यावर पुढच्या पाचांचे काढा. तो आकडा खाली आला नसेल तर पुढची सर्व्हिस जोडायला घेऊ नका. वेळ रिव्ह्यूत जातोय, टेस्टमध्ये की डिप्लॉयमध्ये, ते आधी शोधा.